खार होती

डोंगरावरची झाडं मिलमध्ये गेली आणि झाडांवरची जनावरं तारांवर आली. वरच्या वस्तीत एवढाच काय तो फरक पडला, असं वायरमन म्हणायचा आणि हसायचा. त्याचं हसू असं, की शिव्या द्यायला आलेला माणूस पाणी पिऊन परत जायचा.

पहिल्यांदा माकड गेलं. डीपीवर, म्हणजे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरवर चढलं, दोन तारांना एकदम हात लावला, धडाड आवाज झाला आणि वस्तीतले सगळे पंखे फिरता फिरता थांबले. मग खारींनी नंबर लावला. मध्येच एखादा साप, खांबावरच्या घरट्याच्या मागावर चढलेला. लोकांना आधी पटायचं नाही. "लाइट गेली की जनावर, आली की तुमची मेहनत," किराणावाला म्हणाला, "बरं जमवलंय." त्यानंतर वायरमनने रीतच पाडली. मेलेलं जनावर पायाला दोरी बांधून गल्लीच्या तोंडाशी कुंपणाच्या खांबाला लटकवायचं. या, बघा, आणि मग काय ते बोला. लोक यायचे, बघायचे. ज्याला शिव्या घालायच्या तोच उलटा लटकलेला म्हटल्यावर बोलणार काय? "बिचारं," म्हणायचे आणि घरी जाऊन मेणबत्ती शोधायचे.

ते उतरवायचं काम थोरलीचं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण कुत्री उड्या मारून ओढायची आणि येणारे-जाणारे काठीने ढोसायचे, ते तिला बघवायचं नाही. ती कोयती घेऊन जायची, पायाजवळ दोरी कापायची, जनावर घमेल्यात घालून परसात आणायची. घेवड्याच्या वेलाशेजारी हातभर खड्डा, त्यात चुलीतली राख, वर माती. राख घातली की कुत्री उकरत नाहीत.

"माणसाला खांदा द्यायला चार जण मिळेनात," सासू दारातून म्हणायची, "आणि आमच्याकडे रोज खारीची मयत."

"तुमच्या वेळी होईल की गर्दी, सासूबाई. वायरमनची आई म्हणून येतील."

"येतील आणि म्हणतील, म्हातारी चढली असणार डीपीवर."

घरात तिला थोरली म्हणत. धाकटी अजून आलेलीच नव्हती, पण तिची जागा राखून ठेवली होती. धाकटा मुलगा, म्हणजे वायरमन, नोकरीत पक्का झाला की लग्न. अजून तो कंत्राटावर होता. खांबावर चढताना पक्क्या माणसाइतकाच उंच चढायचा, पडला असता तर मात्र कच्चा म्हणून पडला असता. थोरली लग्न होऊन या घरात आली तेव्हा तो चड्डीत होता आणि स्वतःचं नाक पुसायचं शहाणपण त्याला नव्हतं. त्याच्या डोक्यातल्या उवा तिने काढल्या, वह्यांना कव्हरं तिने घातली आणि तो पहिल्यांदा खांबावर चढला तेव्हा खाली उभी राहून "भाऊजी, पुरे, उतरा आता" म्हणून ओरडलीही तीच. तो वरून म्हणाला होता, "वहिनी, इथून आपलं घर काडेपेटीएवढं दिसतंय."

गल्लीत मात्र तिचं नाव कपाटवाली. तिचा नवरा सुतार. जुन्या कपाटाला आतून थर्माकोल ठोकून आणि जाळीचे कप्पे बसवून त्याने तिला अंडी उबवायचं यंत्र करून दिलं होतं. वायरिंग वायरमनचं. चार बल्ब, एक छोटा पंखा, आणि ऊब जास्त झाली की बल्ब आपोआप बंद व्हायची सोय. "वहिनी, यात तुम्ही बसलात तर पिल्लू होऊन बाहेर याल," तो म्हणाला होता आणि कपाटाच्या दारावर पेन्सिलीने एक कोंबडी काढून ठेवली होती. ती कोंबडी बदकासारखी दिसायची. थोरलीने ती कधी पुसली नाही.

वस्तीतल्या कोंबड्या विकतच्या जातीच्या. अंडी द्यायच्या, पण खुडूक होऊन अंड्यांवर बसायचं नाव नाही. म्हणून लोक अंडी कपाटवालीकडे आणायचे. आतून चोचीचा टोचा पडून पिलं फुटली की निम्मी त्यांची, निम्मी तिची.

"आमच्या वेळी कोंबडीला लाइट लागत नव्हती," सासू म्हणायची.

थंडी पडली आणि मागची खेप हातची गेली. ऐन मध्यावर दुपारभर लाइट नव्हती, कपाट गार पडलं. नंतर तिने एकेक अंडं बॅटरीसमोर धरून बघितलं, तर आतली लाल रेघ हलायची थांबलेली. प्रत्येक दारात ती स्वतः गेली. "खार होती," म्हणाली. "मीच पुरली." लोकांनी ऐकून घेतलं. वायरमनच्या बोलण्यावर कुणाचा भरवसा असो नसो, थोरलीच्या नखांतल्या मातीवर सगळ्यांचा होता.

*

मग शिंपीण आली. ती गल्लीच्या वरच्या टोकाला एकटी राहायची आणि वस्तीचे कपडे शिवायची. तिच्या खुराड्यात रानमांजर शिरलं होतं. खाल्ल्या दोन, मारल्या सगळ्या. काळ्या कुळकुळीत, पायांवर पिसं असलेल्या कोंबड्या, तिच्या आईकडच्या. तसली जात दुसऱ्या कुणाकडे नव्हती. राहिली ती तिच्या स्वयंपाकघरातली टोपलीभर अंडी. टोपली मांडीवर घेऊन ती कपाटासमोर बसली.

"एवढीच आहेत," ती म्हणाली. "कोंबडासुद्धा ठेवला नाही मेल्याने. यातून निघालं तर निघालं, नाही तर खुराडं फोडते जळणाला."

"निघतील गं."

"तू म्हणतेस म्हणून ठेवते. निम्मी तुझी."

"यात कसलं निम्मं? सगळी तुझी."

शिंपिणीने खिशातून कापड आखायचा निळा खडू काढला आणि प्रत्येक अंड्याच्या एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढला. अंडी दिवसातून तीनदा फिरवायची असतात, म्हणजे कुठली बाजू वर आहे ते कळावं. शेवटचं अंडं तिने जरा वेळ गालाला लावून धरलं. मग दिलं.

त्या दिवसापासून घर कपाटाभोवती फिरायला लागलं. सकाळी फुल्या वर, दुपारी गोल वर, संध्याकाळी पुन्हा फुल्या, दुसऱ्या दिवशी उलटं. आतल्या वाटीतलं पाणी आटू द्यायचं नाही. दार उघडायचं ते श्वास धरून आणि लगेच मिटायचं. थोरलीचे हात राखेने आणि गार पाण्याने फुटलेले. अंड्याला खरखर लागू नये म्हणून ती आधी बोटांना तेल लावायची. सासू म्हणाली, "नवऱ्याच्या पाठीला कधी एवढं तेल लावलं नाहीस." नवरा ओसरीवर रंधा मारत होता. तो म्हणाला, "मला अजून टोचा पडायचाय."

"भाऊजी," थोरलीने जेवताना वायरमनला सांगितलं, "एवढी खेप निघेपर्यंत तेवढं बघा हो. शिंपिणीचं दुसरं काही नाही."

"खारींची मीटिंग घेतो, वहिनी."

"चेष्टा नको."

त्याने ताटावरची मान वर केली नाही. "बघतो," म्हणाला.

अंडी फुटायला चार-पाच दिवस उरले असताना लाइट गेली, पण थोडाच वेळ. डीपीखाली खरीच खार पडली होती, शेपूट जळून काडी झालेली. वायरमनने ती लटकवली, लोकांनी बघितली, थोरलीने कापून आणून पुरली. त्या वेळी मिलची करवतही थांबली होती. डोंगराखालची मिल आणि वरची वस्ती, दोघांना डीपी एकच. करवत थांबली की वस्तीला ऐकू यायचं, जसं घड्याळ बंद पडल्यावर ऐकू येतं.

आणि म्हणूनच पुढच्या वेळी लाइट गेली तेव्हा थोरलीच्या लक्षात आलं.

अंडी फुटायला आली होती. सकाळी दोन अंड्यांवर टोचा पडलेला तिने बघितला. कान लावला तर आतून चुकचुक येत होती. शिंपिणीला निरोप पाठवावा म्हणून ती हात पुसत बाहेर आली, आणि मागे कपाटातला पंखा घरघरत थांबला. चारही बल्ब गेले.

खालून करवतीचा आवाज येत होता. नेहमीपेक्षा मोकळा, खणखणीत.

"अहो, मिलची लाइट आहे."

"असेल," नवरा म्हणाला. "त्यांची फेज वेगळी असते."

"खारीला आपलीच फेज बरी सापडते."

तो रंध्यातला भुसा फुंकत बसला. मग एकदम उठून म्हणाला, "पाणी तापव. बसतेस काय?"

मग बोलायला सवड राहिली नाही. चुलीवर पातेलं, पातेल्यातलं पाणी बाटल्यांत, बाटल्या फडक्यांत गुंडाळून कपाटात. बाहेर वारा सुरीसारखा. बाटल्या बघता बघता गार व्हायच्या, तेवढ्यात दुसरं पातेलं. लाकडं ओली, धुराने डोळ्यांचं पाणी गालांवर आणि गालांवरचं हनुवटीला. शेवटी तिने कपाटाचं दार उघडलं आणि अंडी वाटून टाकली. काही स्वतःच्या पोटाशी, काही नवऱ्याच्या. उरलेली सासूच्या गोधडीत, तिच्या दोन्ही अंगांना लावून.

"हलू नका, सासूबाई."

"शेवटी मीच खुडूक बसले," म्हातारी म्हणाली. "सांगत होते, कोंबडीला लाइट लागत नाही."

दिवस कलताना वायरमन आला. दारातच थांबला. अंधाऱ्या खोलीत तिघं पोटं धरून बसलेली, जसं काही घरभर पोटदुखी लागली आहे. त्याने गार कोट काढून खुंटीला अडकवला, चुलीपुढे हात शेकले, पुन्हा शेकले, मग थोरलीसमोर बसून ओंजळ पुढे केली.

"द्या वहिनी, मला. तुम्ही जरा पाठ टेका."

तिने अंडी दिली. त्याने ती सदऱ्याच्या आत सरकवली आणि दोन्ही हात वर ठेवले. त्याला लहानपणी थंडीत ती असंच बसवायची, पोटावर हात ठेवून.

"काय झालं होतं, भाऊजी?"

"खार होती."

"बघू तरी," सासू गोधडीतून म्हणाली. "या वेळी लटकवली नाहीस? येताना खांब मोकळाच होता, किराणावाला सांगून गेला. वर म्हणाला, आज जनावर रजेवर दिसतंय."

वायरमन हसला, पण उशिरा. "लटकवतो ना. घाईत राहिली."

जरा वेळाने त्याचा चेहरा बदलला. "वहिनी, आत बोलतंय," तो हळूच म्हणाला. "पोटाशी. ऐका." थोरलीने वाकून त्याच्या सदऱ्याला कान लावला. बोलत होतं. दोघंही हसले. तिला त्या क्षणी तो पुन्हा चड्डीतला वाटला.

खाली मिलचा भोंगा झाला. करवत थांबली. वायरमनने एकेक अंडं परत तिच्या ओंजळीत दिलं, फुली वर करून. "जाऊन बघतो जरा," म्हणाला आणि कोट घालून गेला. थोड्याच वेळात लाइट आली. चारही बल्ब एकदम लागले आणि सगळ्यांनी डोळे मिचकावले.

*

सकाळपर्यंत तीन पिलं निघाली. तिन्ही सासूच्या गोधडीतली. काळी, ओली, पायांवर पिसांची लव. बाकीची अंडी निघालीच नाहीत. वायरमनच्या पोटाशी बोललेलं अंडं टोच्यापाशीच थांबलं होतं. भोकातून चोचीचं टोक दिसत होतं, हलत नव्हतं.

थोरलीने ते अंडं बाजूला ठेवलं. मग घमेलं आणि कोयती घेऊन गल्लीच्या तोंडाशी गेली, कारण सकाळी ते करायचं असतं आणि हातांना काहीतरी हवं होतं.

खार लटकली होती. एका मागच्या पायात नवी दोरी. थोरलीने कोयती लावली आणि थांबली. दुसऱ्या पायातही दोरी होती. दोरी म्हणजे नुसती गाठ, तिच्याखाली बोटभर तुकडा, तिरपा कापलेला. तिरपं कापायची सवय तिचीच. शेपूट जळून काडी झालेली. कानांत राख. बोटांच्या फटींत राख. कुणीतरी ती झटकायचा प्रयत्न केला होता, घाईने, अंधार पडताना.

तिने खार उतरवली. परसात आली. घेवड्याशेजारची माती थापून सारखी केलेली होती, वर वाळका पालाही पसरलेला. त्याला तिच्या परसातली जागा बरोबर माहीत होती. तिथे फावडं कुठे असतं तेही माहीत होतं. ते त्याने धुऊन जागेवर ठेवलं होतं. हे फावडं धुवायला तिनेच त्याला शिकवलं होतं.

नवरा ओसरीवर होता. मिलमधून आलेल्या नव्या फळ्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या. तिने घमेलं त्याच्या कामाच्या फळीवर ठेवलं.

"हे इथे कशाला?"

"दोन्ही पाय बघा."

त्याने बघितले. जास्त वेळ बघितले. मग रंधा उचलला, आणि मारायला लाकूड नाही हे बघून खाली ठेवला.

"तुम्हाला माहीत होतं."

"मोठी करवत लावली की लाइन दमते," तो म्हणाला. "वरची वस्ती काढली की त्यांचं चालतं. दुपारपुरतं तर असतं."

"मागची खेप गेली तेव्हाही?"

तो भुसा गोळा करायला लागला. बोटांनी, एकेक चिमूट.

"मिलवाल्याचा मेहुणा लाइटच्या ऑफिसात आहे. तो शब्द टाकणार आहे. धाकटा पक्का झाला की सगळं बंद. घराचंच भलं ना?"

"कुठल्या घराचं?"

"अगं, आपल्याच."

"आणि मी दारोदार जाऊन सांगत होते, खार होती म्हणून."

"तुला खोटं बोलता येत नाही," नवरा म्हणाला. त्याच्या आवाजात खरोखरच माया होती, आणि तेच तिला सहन झालं नाही. "म्हणून तर तुला सांगितलं नाही."

तिने घमेलं उचललं. परसात जाऊन पुन्हा खड्डा केला, या वेळी खोल, कोपर बुडेल इतका. नवी राख घातली. खारीच्या पायातल्या दोन्ही गाठी सोडवल्या. गाठी घट्ट होत्या, दातांनी सोडवाव्या लागल्या.

*

ती हात धुवत असताना शिंपीण आली. टोपली घेऊन आली होती, आत मऊ कापडाचे तुकडे अंथरलेले. निरोप गेला नव्हता. तिने स्वतःच दिवस मोजले होते.

वायरमन ओसरीवर चहा पीत होता. नवरा फळ्यांकडे तोंड करून उभा. सासू दारात.

थोरलीने तीन पिलं आणली. शिंपिणीने बघितलं, तिच्या मागे बघितलं, अजून येतील म्हणून.

"एवढीच?"

"काल लाइट गेली होती, मावशी," वायरमन म्हणाला. "खार होती. आम्ही सगळे अंडी पोटाशी धरून बसलो. मीसुद्धा."

त्यात खोटं एवढंसंच होतं. शिंपिणीने त्याच्याकडे बघितलंच नाही. त्याच्याकडे कुणी बघायचं नाही, हीच तर रीत होती. तिने थोरलीकडे बघितलं.

"तू पुरलीस?"

चहाचा कप बशीवर टेकला. नवऱ्याने घसा खाकरला. सासूला काही ठाऊक नव्हतं, तरी तिनेही श्वास धरला. काय विचारलं जातंय ते घरातल्या भिंतींनाही कळलं असावं.

"पुरली," थोरली म्हणाली. "दोनदा."

शिंपिणीच्या कपाळाला आठी पडली. ती थोरलीच्या नखांकडे बघत राहिली. मग हळूहळू मान वळवून तिने वायरमनकडे बघितलं. खालून करवत चालू झाल्याचा आवाज आला, आणि ती त्या आवाजाकडेही वळली. लाइट होती. करवत रडत-कुथत होती, लाकडात अडकत होती.

वायरमनचा फोन वाजला. त्याने वाजू दिला. थांबला, पुन्हा वाजला.

"वहिनी," तो म्हणाला.

थोरलीने टोपलीतलं कापड सारखं केलं. तो उठला, कोट घातला, पक्कड खिशात टाकली, खिशातून काढली, ओसरीवर ठेवली, परत उचलली. ओसरीच्या बाहेरच्या दारापाशी घुटमळला.

"दार ओढून घ्या, वायरमन," थोरली म्हणाली. "थंडी आत येते."

त्याने तिच्याकडे बघितलं, लहानपणी दुसऱ्याच्या घरात झोपून उठल्यावर बघायचा तसं. मग दार ओढून घेतलं. आवाज न करता.

शिंपीण पिलं टोपलीत ठेवत होती, एकेक, पायांची लव सारखी करत.

"अगं, अंग अजून ओलं आहे त्यांचं," थोरली म्हणाली. "दोन दिवस कपाटात राहू दे."

"नेते. चुलीजवळ ठेवीन."

"लाइट आहे आता."

"आहे," शिंपीण म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "पण माझी चूल मला विचारल्याशिवाय विझत नाही." उठताना तिने थोरलीच्या हातावर हात ठेवला, जरासा, आणि उचलला. टोपली पोटाशी धरून ती वर गेली.

त्या दिवशी लाइट गेली नाही. करवत दिवसभर अडखळत राहिली, आणि रिकाम्या कपाटात चारही बल्ब जळत राहिले. थोरली समोर गोधडी मांडीवर घेऊन बसली होती. नवऱ्याने दोनदा पाणी आणून दिलं. दोन्ही तांबे तिच्याजवळ तसेच.

"अगं, आत काही नाही," शेवटी सासू म्हणाली. "उगाच कशाला जाळतेस?"

थोरली उठली. दारावरच्या बदकासारख्या कोंबडीवरून तिने अंगठा फिरवला. पेन्सिल जुनी होती, निघाली नाही. मग भिंतीपाशी गेली आणि सगळ्यांच्या देखत बटण बंद केलं.

"लाइट गेली," नवरा सवयीने म्हणाला.

"गेली नाही," ती म्हणाली. "मी घालवली."